किती वाजता उठता?
(खामगाव येथे शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘आमवात : बायांचा आणि पुरुषांचा’. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. शरीराची राखणदार यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते, तो हा. पुरुषांच्या दोन-तीन पट बायांना होतो. हे तुम्ही वाचलेलं असणार, म्हणून पुढे जाते. मला सांगायचंय ते एवढंच, की बाईचा आमवात आपल्याला दिसत नाही, कारण आपण तिला चुकीचा प्रश्न विचारतो.

जवळच्याच एका खेड्यातली बाई माझ्याकडे तपासायला आली होती. चाळिशीची, कापूस वेचायला जाणारी. दोन्ही हातांची बोटं मुळाशी फुगलेली. मी पुस्तकातला प्रश्न टाकला, सकाळी हात आखडतात का? “नाई जी, बाई. तसं काई नाई.” मी कागदावर ‘नाही’ लिहिलं. ही चूक माझी. उठता उठता सहज विचारलं, किती वाजता उठता? “चार वाजताच उठा लागते. बोटं मोकळे व्हाले घंटाभर लागते ना!”

ती अंधारात उठायची, चुलीवर गंजात पाणी तापवायची, त्यात हात बुडवून बसायची. एकेक बोट दुसऱ्या हातानं उलगडायची. पाच वाजता घर जागं व्हायचं तेव्हा ती भाकरी थापायला बसलेली असायची. तिच्या लेखी दिवस पाचला सुरू होत होता आणि पाचला हात आखडलेले नव्हतेच! ती खोटं बोलत नव्हती. दोन वर्षं नवऱ्याला पत्ता नाही, सासूला नाही.

त्याच आठवड्यात बाजार समितीतले एक अडते आले. तोच आजार. सोबत बायको, मुलगा. मी तोच प्रश्न विचारला आणि उत्तर बायकोनं दिलं, “साडेसातपर्यंत मूठ वळत नाही यांची. पावणेआठला कप धरतात.” त्यांची मिनिटं मोजणारं माणूस घरात होतं. वेचणीवाल्या बाईचा तास कोणी मोजला?

(मागून आवाज : गडीमाणसंबी सोसतात, बाई! हशा.)

सोसतात. हसू नका, ते खरं बोलताहेत. जिनिंगमध्ये गाठ उचलणाऱ्याचं मनगट गेलं की मजुरी जाते, आणि दुखतंय म्हणायची त्याला लाज वाटते. तो उशिरा येतो. त्यात विडी असते, आणि धूम्रपानाचा या आजाराशी असलेला संबंध पुरुषांत जास्त ठळक दिसतो. पण त्याचं काम थांबलं की चार लोक विचारतात, काय झालं? बाईचं काम थांबतच नाही, मग विचारणार कोण?

बाया कुरकुर जास्त करतात, असं काही डॉक्टरही म्हणतात. त्यांना सांगते. हा आजार मोजायचं एक सूत्र आहे. अठ्ठावीस सांधे, रक्तातला सूज दाखवणारा ईएसआर आणि रुग्णाचं स्वतःचं मत, यांवरून आकडा निघतो. बाईचा ईएसआर निरोगीपणीही पुरुषापेक्षा जास्त असतो. सूत्रात त्याची सूट नाही. आजार शांत झाला तरी तिचा आकडा शांत होत नाही, आणि ठपका तिच्या स्वभावावर! रोजची कामं जमतात का, हे विचारणारी प्रश्नावली 1980 मध्ये अमेरिकेत, स्टॅनफर्डला तयार झाली. तीत मोटारीचं दार उघडता येतं का, असं विचारलंय. आमच्या बाईला विचारा, ओलं लुगडं पिळता येतं का? भाकरी थापता येते का? पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी 1996 मध्ये भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. दवाखान्यात बसून जे दिसलं नसतं ते उंबऱ्यावर दिसलं.

आणखी एक. आपलं गाव चांदीचं. इथल्या सोनारांना मी विचारत असते, जोडवी कापून काढायला किती जणी येतात? आमवातात पायाची बोटंही सुजतात, जोडवं रुततं. हाताला बांगडी अडते ती नेमकी बोटांच्या मुळाशी, जिथं हा आजार आधी धरतो. म्हणून कासाराला तो आमच्या आधी कळतो. कासारांनी अशा बाईला नुसतं म्हणावं, डॉक्टरला दाखव, तरी सुरुवातीचे मोलाचे महिने वाचतील. सांधा एकदा वाकडा झाला की औषधानं सरळ होत नाही.

(संयोजकांकडून चिठ्ठी.)

पाच मिनिटं. बरं. बाळंतपणाचं तर राहूनच गेलं! अमेरिकेतल्या फिलिप हेंच यांनी 1930 च्या दशकात पाहिलं, की पोटुशी असताना पुष्कळ बायांचा आमवात ओसरतो. त्या मागावरून पुढे कॉर्टिसोन आलं, 1950 चं नोबेल मिळालं. पण बाळंत झाल्यावर आजार उसळतो, आणि नेमकं तेव्हा लेकरू उचलायचं असतं. सुनेला आळशी म्हणण्याआधी तिची मनगटं पाहा. आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी गरोदरपणात चालत नाही, दिवस जाण्याच्या काही महिने आधीच थांबवावी लागते. पण म्हणून सगळीच औषधं सोडायची नसतात, चालणारी औषधं आहेत. आणि मेथोट्रेक्सेटची ही गोळी आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. घरी जाऊन हे नक्की सांगा.

त्या बाईची गोळी सोमवारची. परवा तपासायला आली, मी हात बघायच्या आधी वेळ विचारली.

“साडेचार झाले जी आता,” म्हणाली.

अजून अर्धा तास कमी व्हायचाय.