ओआरचं पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं?

आज एकच विषय: ऑपरेशन्स रिसर्चचं, म्हणजे ओआरचं, पहिलं पुस्तक.

बीटेकला मी सोडवलेल्या गणितांचं एक जाडजूड पुस्तक वापरलं. सिम्प्लेक्सची टेबलं झोपेतही भरायचो. मग सुट्टीत यवतमाळजवळ गावी गेलो, तर बाबा म्हणाले, "शेजारचं एक एकर मक्त्यानं मिळतंय. घेऊ का रे?" आमचं पाच एकर, कापूस आणि सोयाबीन. आणि मला ते गणित मांडताच येईना! समीकरणं आयती कोणी दिलीच नव्हती ना.

तेव्हा हिलियर-लिबरमन उघडलं. त्यात आधी मांडणी शिकवतात: ठरवायचं काय, अडतंय कुठे. मांडल्यावर दिसलं, सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी एकदमच येते, मजूर मिळत नाहीत, म्हणून आहे त्यातलाच एक तुकडा पडीक राहतो. म्हणजे जास्तीच्या एकराची 'शॅडो प्राइस' शून्य. मजुराच्या एका दिवसाची मात्र नाही. बाबांनी मक्ता घेतला नाही. (हे मला आधीच माहीत होतं, असं ते आता म्हणतात.)

ताहाचं पुस्तकही छान. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांची १९८४ची पद्धत त्यात भेटते. सिद्धता आवडत असतील तर बर्टसिमास-त्सित्सिक्लिस. बॉइड-वॅन्डनबर्ग लेखकांच्या साइटवर फुकट आहे म्हणून लगेच उचलू नका. लिनियर अल्जेब्रा कच्चं असेल तर दुसऱ्याच प्रकरणात अडकाल. मी अडकलो होतो.

आणि जुनी आवृत्ती बिनधास्त घ्या. फक्त शब्दांत दिलेली उदाहरणं किती आहेत, ते आधी चाळून बघा.