समितीची सही



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षे उभा होतो. उभा म्हणतो, कारण बडोद्याच्या या शाळेत त्या काळी विज्ञानाच्या खोलीत स्टुले नव्हती. सर टेबलाटेबलावरून फिरत, "झाले का?" असे मात्र कधी विचारीत नसत. "आज काय बिघडले?" असे विचारीत. बिघडलेले सांगितले तर रागावत नसत. काहीच बिघडले नाही म्हटले, की वही उघडायला लावीत.

आजचा विषय आहे विज्ञानातील पीएच.डी. आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या समित्या. शाळेच्या व्यासपीठावर हे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु येथील माजी विद्यार्थी मला वारंवार विचारतात, "मुलीला पीएच.डी.ला किती वर्षे लागतील?"

नियमाचे उत्तर सोपे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन, कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. आरंभी किमान बारा श्रेयांकांचे अभ्यासक्रम आणि त्यांत पंचावन्न टक्के गुण. पुढे संशोधन, प्रबंध, बाहेरच्या किमान दोन परीक्षकांचे अहवाल आणि सर्वांसमक्ष मौखिक परीक्षा. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही २०१६ ची अट २०२२ मध्ये काढून टाकली गेली. मला ते योग्य वाटले. त्या अटीने संशोधन वाढण्यापेक्षा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेच फोफावली होती.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे संशोधन सल्लागार समिती. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी अशी समिती असावी आणि दर सत्रात त्याने तिच्यापुढे येऊन काम मांडावे, असा नियम आहे. प्रगती असमाधानकारक वाटली तर समितीने कारणे नोंदवून उपाय सुचवावेत. तेही फसले तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करावी. हे सारे विद्यार्थ्याने काय केले नाही, यासाठी आहे. मार्गदर्शकाने काय केले नाही, हे तेथे कोणी विचारायचे? आणि या समितीचा निमंत्रक कोण? स्वतः मार्गदर्शक!

माझ्या स्वतःच्या पीएच.डी.च्या वेळी, १९७६ साली, समिती नव्हतीच. मार्गदर्शक आणि मी. तिसऱ्या वर्षी ग्रंथालयात एक जर्मन नियतकालिक चाळताना कळले, की मी करीत असलेली संयुगे दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवली आहेत. दीड वर्ष पाण्यात गेले. तेव्हापासून समित्या असाव्यात, असे माझे ठाम मत झाले आणि प्राध्यापक झाल्यावर मी हौसेने त्यांवर बसू लागलो.

आता जे सांगायचे आहे, ते सांगणे सुखाचे नाही. २०१० साली एका मुलीने पीएच.डी.साठी नाव नोंदविले. विषय होता तांब्याची काही संयुगे. विभागाच्या पद्धतीप्रमाणे दर सहा महिन्यांनी तिचा अहवाल आमच्यापुढे येई. शेजारी तिचे मार्गदर्शक बसलेले असत. चहा येई. अहवालावर "प्रगती समाधानकारक" असे आधीच टंकलिखित असे, आणि खाली आम्ही सह्या करीत असू. मी सहा सह्या केल्या.

सहाव्या वेळी घरी अहवाल चाळताना लक्षात आले, की त्यातला वर्णपटाचा आलेख चौथ्या अहवालातलाच आहे. केवळ तारीख बदललेली. दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली. मी काही ठरविले नव्हते, पण तोंडातून सरांचाच प्रश्न निघाला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, दोन वर्षांत मी माझ्या संयुगांना हातच लावलेला नाही." ती मार्गदर्शकांच्या दुसऱ्या एका प्रकल्पासाठी पाण्याच्या नमुन्यांतले शिसे मोजीत होती. रोज चाळीस-पन्नास नमुने. "तुम्ही बैठकीत विचारले असतेत, तरी त्यांच्यासमोर मी सांगू शकले नसते," हेही तीच म्हणाली. मला दिलासा द्यावा म्हणून म्हणाली असावी. मी विचारलेच नव्हते, ही गोष्ट त्याने बदलत नाही.

त्यानंतर मी ज्या ज्या समितीवर बसलो, तेथे एक आग्रह धरला: शेवटची दहा मिनिटे मार्गदर्शकाने बाहेर जावे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत प्रबंध-समित्यांचा हा साधा शिरस्ता आहे. तेथे कोणाला त्यात अपमान वाटत नाही. आमच्याकडे वाटला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्याशी बोलणे सोडले. दोघांनी मला आपल्या समित्यांतून वगळले, आणि निमंत्रक तेच असल्याने ते त्यांना सहज जमले. इतरांनी मात्र मान्य केले. २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती दहा मिनिटे बहुधा हवापाण्याच्या गप्पांत जात. क्वचित तशी जात नसत.

म्हणून आईवडिलांना मी आता वर्षांचा आकडा सांगत नाही. मुलीला विचारा म्हणतो, की समितीची बैठक कोण बोलावतो, किती वेळ चालते, आणि मार्गदर्शक कधी बाहेर जातात का. प्रवेश घेण्यापूर्वी हे विचारण्याचा संकोच करू नये.

त्या मुलीने २०१७ साली प्रबंध सादर केला. मौखिक परीक्षेला मी श्रोत्यांत मागे बसलो होतो. बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "इतकी वर्षे का लागली?" तिने आपल्या मार्गदर्शकांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि तब्येतीचे कारण सांगितले.