विद्यार्थ्याची बुद्धी आणि आपली समजूत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-सत्कार समारंभाच्या प्रसंगी एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



सत्काराच्या प्रसंगी आपण दोन शब्द बोलावेत, अशी विनंती चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी मॅट्रिक होऊन शिक्षकाचा दाखला घेतलेला मनुष्य. १९७९ पासून २०१८ पर्यंत पाचवी ते सातवीची मुले माझ्या हाताखालून गेली, एवढीच काय ती माझी विद्वत्ता. पण मागाहून वाटले की, एक गोष्ट ज्ञातीसमोर सांगावयाची राहून गेली आहे, आणि ती सांगण्यास याहून योग्य जागा मला मिळणार नाही. म्हणून उभा राहिलो आहे.

आता व्यासपीठावर ज्या चौदा मुलामुलींचा सत्कार झाला, त्यांचा परिचय मी लक्षपूर्वक ऐकला. शिक्षकाची खोड, म्हणून मोजदादही केली. नऊ जणांच्या बाबतीत ‘उपजत हुशार’ किंवा ‘जन्मजात बुद्धिमान’ असे शब्द आले. ही मुले पहाटे कितीला उठली, कोणते गणित चार वेळा चुकून पाचव्या वेळी सुटले, याविषयी मात्र एक अक्षरही निघाले नाही. मी निवेदकांना दोष देत नाही. हे शब्द मीही वर्गात मुक्तहस्ते वाटलेले आहेत. कौतुकाने कधी मुलाचे नुकसान होते काय, असेच मला वाटत असे.

माझी कन्या शिक्षिका आहे. तिने एका प्रयोगाची हकीकत मला समजावून सांगितली, तेव्हा माझ्या या समजुतीला धक्का बसला. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातल्या क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या दोन विदुषींनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांना प्रथम काही कोडी घातली. ती सोडवून झाल्यावर काहींना सांगितले, ‘तू हुशार असला पाहिजेस’; काहींना सांगितले, ‘तू मेहनत घेतली असली पाहिजेस’. फरक एवढ्या एका वाक्याचा. पुढे अवघड कोडी दिली, त्यांत सर्वांचीच दाणादाण उडाली. नंतर पुन्हा पहिल्यासारखीच कोडी दिली, तेव्हा मेहनतीबद्दल वाखाणलेली मुले आधीपेक्षा सरस ठरली आणि हुशार म्हणून वाखाणलेली मुले स्वतःच्याच पहिल्या कामगिरीच्या खाली घसरली. आपले गुण दुसऱ्या शाळेतील मुलांना लिहून कळवा असे सांगितले, तर हुशार म्हटलेल्या दहांपैकी जवळजवळ चौघांनी ते वाढवून लिहिले. ज्याला आपण ‘हुशार’ ही पदवी देतो, त्याला ती राखावी लागते. अवघड गणिताला हात घातला आणि चुकले, तर पदवी गेली. म्हणून तो सोप्याच्या आश्रयाला जातो. हे ऐकून मला माझ्या वर्गातली पहिल्या बाकावरची कितीतरी मुले आठवली, जी कधी शंका विचारीतच नसत.

तथापि आजच्या सत्कारमूर्तींची मला फारशी काळजी नाही. जी मुले आज लाजून घरी राहिली आहेत, त्यांची आहे.

आपल्या घरोघरी दोन वाक्ये ऐकू येतात. ‘शिलाई आपल्या रक्तात आहे’ हे एक, आणि ‘गणित आपल्या रक्तात नाही’ हे दुसरे. दुसरे वाक्य तर दहावीचे गुणपत्रक हाती येताच सांत्वन म्हणून काढले जाते. आई म्हणते, माझेही गणित कच्चेच होते. मामा म्हणतो, आपल्यात कुणाचे पक्के होते? बोलणाऱ्यांच्या मनात माया असते. मूल मात्र त्यातून एवढेच उचलते की, आता झटण्यात अर्थ नाही. आणि पहिल्या वाक्याविषयी बोलावयाचे, तर शिलाई खरोखरच रक्तात असती तर या सभागृहात बसलेल्या निम्म्या तरुणांना सदऱ्याचे तुटलेले बटण लावता आले असते. (हशा)

शिलाई कोठून येते हे आपल्यातल्या जुन्या माणसांना पक्के ठाऊक होते. माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी दुकान होते. तेथे नवा मुलगा शिकावयास आला की त्याला उमेदवार म्हणत. पहिले सहा महिने काज-बटण आणि तुरपाई, मग मशीनवर पायजमा, मग सदरा, आणि कापड बेतावयाची कात्री हाती यावयास तीन-चार वर्षे. उमेदवाराचे पहिले काज वाकडे यावयाचेच. वडील ते न बोलता उसवीत आणि म्हणत, ‘पुन्हा घाल.’ वीस वेळा उसवावे लागले तरी ‘याच्या नशिबी काज नाही’ असे त्यांनी म्हटल्याचे मला स्मरत नाही. ‘अजून हात बसला नाही,’ एवढेच म्हणत. कुणाचा हात महिन्यात बसे, कुणाचा वर्षात. हा फरक त्यांना दिसत नव्हता असे नाही. पण उशीर म्हणजे नकार, असे ते धरीत नसत. हात बसण्याचा हा न्याय आपण दुकानाच्या उंबऱ्यापलीकडे शाळेत का नेला नाही? निदान मी तरी नेला नाही, आणि तीच गोष्ट मला सांगावयाची आहे.

१९८७ साली माझ्या सातवीच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतला एक मुलगा होता. वाचन ठीक, अक्षर सुरेख. अपूर्णांक म्हटले की मात्र सारे कोरे. छेद समान करावयाचे सोडून तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवी. मी रागावलो, समजावले, तीच रीत पुन्हा त्याच शब्दांत सांगितली. दुसरी रीत शोधली नाही. वर्षअखेर त्याचे वडील शाळेत आले. हात जोडून म्हणाले, ‘गुरुजी, पोराला पुढं हायस्कुलात घालू का?’ मुलगा शेजारीच उभा होता. माझे वय सत्तावीस, आणि निकाल देण्याची घाई. मी म्हणालो, ‘याच्या डोक्यात गणित शिरायचे नाही. धंद्यात घाला, तिथे नाव काढील.’ ज्ञातीतला शिकलेला माणूस, त्यात गुरुजी; माझा शब्द त्यांनी प्रमाण मानला. मुलाच्या तोंडाकडे मी पाहिलेही नाही.

अकरा वर्षांनी, १९९८ साली, धाकट्या बंधूंच्या लग्नासाठी सदरा शिवावयास मी त्याच मुलाच्या दुकानी गेलो. ‘या गुरुजी, बसा,’ म्हणून त्याने खुर्ची पुसली, चहा मागविला. माझ्या आधीचे गिऱ्हाईक म्हणजे चौतीस इंच छातीचा एक विद्यार्थी. याने टेप टाकला आणि कापडावर खडू चालवीत तो पुटपुटू लागला, ‘चौथा हिस्सा साडेआठ, सैलपणाला दीड, झाले दहा; मुंढ्याला आठवा हिस्सा, सव्वाचार.’ कागद नाही, पेन्सिल नाही. चौतिसाचे आठ भाग करून सव्वाचार सांगणारा हा, अपूर्णांकांच्या पेपरात मी शून्य दिलेला मुलगा! मी म्हणालो, ‘अरे, हे अपूर्णांकच आहेत की!’ तो हसला. म्हणाला, ‘नाही गुरुजी, हे माप आहे. हिशोब मला येत नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना?’

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. बोलता बोलता पुढे कळले की, एका शाळेचे दीडशे गणवेश शिवण्याचे काम त्याच्याकडे चालून आले होते. लेखी दरपत्रक द्यावयाचे होते, म्हणून त्याने ते सोडून दिले. ‘ते आकडेमोडीचं काम, आपल्याला जमायचं नाही.’ एका गणवेशाला कापड किती लागते आणि मजुरी किती पडते, हे त्याला तोंडपाठ होते. दीडशेने गुणावयाचे, एवढेच काय ते उरले होते.

त्यानंतरच्या जूनपासून मी वर्गात टेप नेऊ लागलो. साठ इंची टेप मध्यावर दुमडला की तीस, पुन्हा दुमडला की पंधरा, मग साडेसात, आणखी एकदा दुमडला की पावणेचार. मुले स्वतः दुमडतात, स्वतः वाचतात, आणि मग फळ्यावर लिहिलेल्या छेदाचे भय ओसरते. आमच्या आजोबांच्या पिढीची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकीही मी पुन्हा म्हणवून घेऊ लागलो. तपासणीला आलेल्या साहेबांना हे जुनाट वाटले, वाटो बापडे. एवढ्याने सर्व मुले गणितात तरबेज झाली असे सांगितले, तर ती थाप होईल. काही कच्ची राहिलीच. पण ‘येत नाही’ याच्या आधी ‘अजून’ लावल्यावाचून ते शब्द वर्गात उच्चारावयाचे नाहीत, असा नियम मी स्वतःपुरता केला आणि पुष्कळदा मोडलाही. जिभेला वळण लागावयासही वर्षे जातात.

आता ज्ञातीविषयी. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे बोलणे थोडे अडचणीचे आहे, पण बोलतो. जागतिक बँकेसाठी काम करणाऱ्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी २००४ साली एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. सुटलेल्या कोड्यागणिक पैसे. उच्च मानलेल्या जातींतली ३२१ मुले आणि खालच्या मानलेल्या जातीतली ३२१. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोहोंच्या कामगिरीत फरक दिसला नाही. जेव्हा मुलांच्या घोळक्यात प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखविली, तेव्हा खालच्या मानलेल्या मुलांची कामगिरी एकदम खाली आली. आपल्या श्रमांचे चीज होणार नाही, ही धास्ती त्या क्षणी जागी झाली असावी, असे संशोधिकांचे अनुमान आहे. ती धास्ती त्या मुलांनी निर्माण केलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वागणुकीने ती त्यांच्या पदरी बांधली होती.

त्या मुलांनी जे भोगले ते आपल्या ज्ञातीने भोगलेले नाही, आणि त्यांचे दुःख आपल्या नावावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्या मनात एक प्रश्न येतो. तेथे कोडी सोडविण्यापूर्वी परक्या माणसाने जात वाचून दाखविली. आपण आपल्याच मुलांना, आपल्याच ओट्यावर बसून, ज्ञातीचे नाव घेऊन ‘आपल्यात हे नाही’ असे ऐकवितो, तेव्हा काय करीत असतो? आणि अमक्या ज्ञातीची मुले उपजतच पुढे असतात, असे त्यांच्यादेखत म्हणतो, तेव्हा काय करतो?

कोणी म्हणेल, मग मुलांकडून ‘मला येईल, मला येईल’ असा जप करवून घ्यावा. तशी माझी समजूत नाही. २०१९ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचा वृत्तांत निघाला. नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांत, बुद्धी सरावाने वाढते हे तासाभराहूनही कमी वेळात शिकविल्याचा परिणाम पाहिला होता. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण चाराच्या मापावर सरासरी एक दशांश. जेथे अवघडात हात घालणाऱ्याला वर्गसोबती हसत नव्हते, तेथे गुण अधिक वाढले. एका तासाच्या मानाने हे थोडे नव्हे. पण रीत, वेळ आणि शिकविणारा यांवाचून नुसती समजूत पोट भरीत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी केवळ शाबासकी दिली असती, तर त्याला छेद समान करता आले नसते. टेप हवाच होता.

म्हणून मंडळापुढे माझे थोडे मागणे आहे. सत्काराच्या अर्जात ‘मिळालेले गुण’ असा रकाना आहे. त्याच्याखाली ‘कोणता विषय जड गेला व तो कसा साधला’ असा आणखी एक रकाना घालावा आणि पुढल्या वर्षी निवेदकांनी तो वाचून दाखवावा. दुसरे असे की, २०१५ सालापासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांची फेरपरीक्षा त्याच वर्षी घेतली जाते. तीत उत्तीर्ण होणाऱ्या मुलांना याच व्यासपीठावर शाल-श्रीफळ द्यावे. यंदा आपल्यापैकी किती मुले गणितात राहिली, असे मी चिटणीसांना विचारले होते. पालक सांगावयास लाजतात, असे त्यांनी उत्तर दिले.

मंडळाचे हे सभागृह सायंकाळी रिकामेच असते. सोमवारपासून सहा ते आठ मी येथे बसणार आहे. फी नाही. ज्याची हकीकत आपण ऐकलीत तो माझा विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. मापे त्याने शिकवावीत आणि आकडेमोड मी, असा माझा बेत आहे. ‘मी काय शिकवणार, गुरुजी?’ असे तो अजून म्हणतो आहे; परंतु टेप, खडू आणि जुन्या कापडाचे तुकडे त्याने कालच पाठवून दिले. पालकांनी मुलांना आणून सोडताना एवढीच कृपा करावी की, त्यांच्यादेखत त्यांचे गुण मला सांगू नयेत.