न घटणारी वाटणी

आमच्या वरूडपासून समुद्र फार दूर; तरी आज समुद्रतळावरील एका काटेरी, चेंडूसारख्या प्राण्याविषयीं बोलावयाचें आहे. त्यास सागरी अर्चिन म्हणतात. १८९१ सालीं हान्स ड्रीश ह्या जर्मन शास्त्रज्ञानें त्याच्या दोनच पेशींच्या गर्भांतील पेशी हालवून विलग केल्या. अर्धे जीव होतील, ही अपेक्षा. झाल्या त्या लहान, परंतु पूर्णांग अळ्या! पेशी दुभंगण्यापूर्वीं जनुकांची नक्कल होते. म्हणून वारसा प्रत्येकीस संपूर्ण मिळतो.

मग एक पेशी आतडें, तर दुसरी सांगाडा कां घडविते? २००६ सालीं ह्या प्राण्याच्या एका जातींत सुमारें २३,००० जनुकें मोजलीं गेलीं. त्यांतील कोणतें कोठें व केव्हां जागें होतें, हाच भेद. पहिले निरोप मातेनें अंड्यांत ठेवलेले असतात. पुढें गर्भ स्वतःचीं जनुकें चालवूं लागतो.

शेताच्या वाटणींत प्रत्येक भावाचा हिस्सा घटतो. ह्या वाटणींत मात्र कोणासही उणें पडत नाहीं.