सीट बदलून बघा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ब विंगमधील एका भगिनींनी केलेले भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आपलं खामगाव चांदीचं गाव, आणि आज आपल्या सोसायटीचंही चांदीचं वर्ष. अशा दिवशी मला दहा मिनिटं बोलायला दिलीत, याबद्दल आभार. सचिव भाऊ म्हणाले, "ताई, शिवणकामावर काहीतरी बोला." शिवणकामावर बोलणारच आहे, पण मोटारीच्या रस्त्यानं जाऊन.

मी तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगणार आहे. नाव रोझमेरी स्मिथ. आयर्लंड देशातल्या डब्लिन शहरात 1937 साली जन्मली. शिक्षण काय, तर कपड्यांचं डिझाइन आणि शिवण. म्हणजे आपल्याच धंद्यातली! कापड, कात्री, माप, गिऱ्हाईक, सगळं तेच. वडिलांचं गॅरेज होतं, त्यांनी तिला अकराव्या वर्षीच शेतात गाडी चालवायला शिकवलं होतं. पण पोटापाण्याचं काम म्हणजे कपडे.

तिची एक मैत्रीण होती, डेल्फिन बिगर. तिला रॅलीत भाग घेण्याचा नाद. रॅली म्हणजे सगळ्या गाड्या एकदम सोडायची शर्यत नव्हे. एकेक गाडी काही मिनिटांच्या अंतरानं सोडतात. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत पोहोचायचं असतं, आणि मधले काही टप्पे जीव खाऊन पळवायचे असतात. गाडीत दोघं. एक चालवणार, दुसरा नकाशा बघून "आता डावीकडे, पुढे अवघड वळण" असं सांगणार. आपल्या बोथा घाटात रात्री शेजारी बसलेला माणूस "हळू, हळू" म्हणतो ना, तसंच. फक्त इथे तो "जोरात, जोरात" म्हणतो.

तर डेल्फिननं रोझमेरीला नकाशा बघायला नेलं. आणि हिला नकाशाचं काही कळेना! रस्ता चुकायला लागला. शेवटी दोघींनी जागा बदलल्या. नकाशावाली चालवायला बसली, चालवणारी नकाशा बघायला. आणि मंडळी, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात स्टिअरिंग आलं ते असं. कोणी तिला बोलावून दिलं नाही, कुठे अर्ज केला नाही. नुसती सीट बदलली.

पुढे गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं तिला आपल्या संघात घेतलं. दिसायला सुरेख, नीटनेटकी. अशी बाई आपली गाडी चालवते म्हटल्यावर जाहिरात आपोआपच होते, हाही कंपनीचा हिशोब असणारच. पण 1965 साली हॉलंडच्या ट्युलिप रॅलीत तिनं सगळे हिशोब बदलून टाकले. गाडी कोणती, तर हिलमन इम्प. इंजिन आपल्या जुन्या मारुती 800 पेक्षा थोडं मोठं. पण या गाडीचं इंजिन मागे होतं. वाटेत बर्फ लागला. मागच्या चाकांवर इंजिनाचं वजन असल्यानं चाकं बर्फात पकड सोडत नव्हती. मोठमोठ्या गाड्या अडकल्या, आणि ही पहिली आली. बायकांत पहिली नव्हे, सगळ्यांत पहिली.

पुढच्याच वर्षी मोंटे कार्लो रॅलीत तिनं बायकांचं पहिलं बक्षीस मिळवलं, आणि दिव्यांच्या बल्बवरून तिची गाडी बाद ठरली. त्या वर्षी पहिल्या तीन नंबरांच्या गाड्याही याच कारणानं बाद झाल्या. केलेली मेहनत एका नियमात गेली. आपण अख्खा ब्लाउज शिवावा आणि गिऱ्हाइकानं हुकावरून परत करावा, तसं झालं. पण तिनं गाडी सोडली नाही.

आता ती आपल्या जवळ येते. 1968 साली लंडन ते सिडनी अशी मोठी रॅली झाली. 24 नोव्हेंबरला लंडनहून 98 गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, दिल्ली करत आपल्या मुंबईला यायचं, तिथून गाड्या बोटीत चढवून ऑस्ट्रेलियात उतरवायच्या आणि पुन्हा पळवायच्या. एकूण सोळा हजार किलोमीटरच्या आसपास. रोझमेरी आणि तिची फ्रेंच जोडीदार ल्युसेट प्वाँते, दोघी बायका, लोटस कोर्टिना गाडीत.

वाटेत इंजिन बिघडलं. चारपैकी एक सिलिंडर बंद पडला. समोर खैबर खिंडीचा चढ, आणि पहिल्या गियरमध्ये गाडी चढेना. दुसरा कोणी असता तर गाडी बाजूला लावून बसला असता. हिनं काय केलं? गाडी फिरवली, रिव्हर्स टाकला, आणि उलट्या दिशेनं खिंड चढली! रिव्हर्स गियरला वेग नसतो, पण ओढायची ताकद जास्त असते, हे तिला माहीत होतं. अहो, आपणही तेच करतो. टीप पक्की करायची असेल तर शेवटी मशीन उलटी चालवतोच ना?

तशी लंगडत लंगडत ती मुंबईला पोहोचली, बोटीत चढली, आणि 17 डिसेंबरला सिडनी गाठलं. 98 पैकी शेवटपर्यंत पोहोचल्या 56 गाड्या. तिचा नंबर 48 वा. तुम्ही म्हणाल, 48 वा नंबर काय सांगता? मला तर ट्युलिप रॅलीच्या पहिल्या नंबरापेक्षा हा 48 वा नंबर मोठा वाटतो. दोनच वर्षांनी लंडन ते मेक्सिको या त्याहून लांबच्या रॅलीत ती दहावी आली.

आता मला ही बाई एवढी जवळची का वाटते, ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एकदा रात्री दोन वाजता आमच्या यजमानांच्या छातीत दुखायला लागलं. गाडी खाली उभी. किल्ली माझ्या हातात. आणि मला गाडी चालवता येत नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्या गाड्यांमध्ये मी बसले, पण कायम डाव्या सीटवर. किल्ली हातात धरून मी जिन्यात उभी राहिले, तो क्षण मी विसरले नाही. वरच्या मजल्यावरचे भाऊ बनियनवरच धावत आले, त्यांनी गाडी काढली, म्हणून आज यजमान तुमच्यासमोर पहिल्या रांगेत बसलेत. शेजारधर्म काय असतो ते त्या रात्री कळलं. पण घरी आल्यावर मी ठरवलं, पुन्हा अशी उभी राहायची नाही.

चोपन्नाव्या वर्षी क्लास लावला. पहिल्या दिवशी घाम फुटला. शिकवणारा मुलगा म्हणाला, "काकू, पाय हळूहळू दाबा." तेव्हा एकदम उजेड पडला. अहो, मोटार लावलेल्या शिलाई मशीनवर वीस वर्षं मी दुसरं काय करतेय? पाय दाबला की वेग, सोडला की थांब. नजर सुईवर नाही, सुईच्या पुढे ठेवायची. गाडीतही तेच: नजर बोनेटवर नाही, पुढच्या रस्त्यावर. रोझमेरीची गोष्ट माझ्या मुलीनं मला त्याच दिवसांत सांगितली. "आई, तुझ्यासारखीच कपडे शिवणारी होती बघ." मग भीती निम्मी झाली.

आज मी शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला स्वतः गाडी घेऊन जाते. घाटात अजून घाबरते, खोटं कशाला बोलू?

रोझमेरीला म्हातारपणी पैशाच्या अडचणी आल्या, संसारही टिकला नाही. पण तिनं डब्लिनमध्ये तरुण पोरापोरींना गाडी शिकवायची शाळा काढली. 2017 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, फ्रान्समध्ये तिनं फॉर्म्युला वनची गाडी चालवली. 2023 च्या डिसेंबरात ती गेली.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये सायकली आणि स्कूटरच जास्त होत्या. आज गाड्यांना जागा पुरत नाही, म्हणून दर सभेत भांडणं होतात. पण परवा मी मोजलं. त्यातल्या किती गाड्या घरच्या बायका चालवतात? एका हाताची बोटं पुरली. पोरी स्कूटी पळवतात, नोकऱ्या करतात, पण चारचाकीची किल्ली अजून पुरुषांच्याच खुंटीला. कोणी अडवतं असं नाही. सीट बदलायचं कोणाच्या मनातच येत नाही.

म्हणून माझी एक विनंती आणि एक निरोप. कार्यकारिणीला विनंती, रविवारी सकाळी सात ते आठ मागच्या बाजूची मोकळी जागा आम्हाला द्यावी. आणि वहिनींनो, काकूंनो, आधी शिकाऊ परवाना काढा, क्लास लावा, आणि सरावाला या. माझ्या गाडीला "एल" लावून ठेवते, शेजारी मी बसते. ओरखडा पडला तर पडू द्या, रफू आपल्याला येतं!

आणि भाऊ, तुम्हीही या. तासभर डाव्या सीटवर बसून बघा.