चाकांवरचे घर ओढताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून डिझेल आणि ट्रेलर या विषयावर बोलणारा वक्ता पाहून आपणांपैकी काहींस नवल वाटले असेल. आम्ही अभियंते नव्हे. कलाशाखेचे पदवीधर आणि सरकारी फायलींत केस पिकलेले गृहस्थ आहोत. परंतु २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील कोलोराडो राज्यात आमच्या हातून एक चूक घडली. ती कबूल करण्यास आपल्या माणसांची सभा हेच योग्य स्थान होय, असे वाटल्यावरून हा विषय निवडला.

आमचा पुतण्या डेन्व्हरजवळ राहतो. त्याच्याकडे डिझेलवर चालणारा पिकअप ट्रक आहे आणि त्यामागे जोडावयाचे चाकांवरचे घर आहे. या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याला स्वतःचे इंजिन नसते. आत मात्र बिछाने, शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी अशी सारी सोय असते. पुतण्याचा ट्रेलर सामानासह सुमारे ३२०० किलो भरत असे. युटा राज्यातील एका लहान गावी त्याचे मराठी स्नेही राहतात. त्यांच्याकडे दिवाळीचा फराळ करावयाचा, म्हणून आम्ही उभयता पुतण्याच्या कुटुंबासह निघालो. त्या गावी आपल्याकडचा किराणा मिळत नाही. तेव्हा तांदूळ, बेसन, भाजणी, तेलाचे डबे, मोठी पातेली असे सुमारे १२० किलो सामान बरोबर घेतले होते.

हे सामान कोठे ठेवावे, यावरून प्रथम वाद झाला. पुतण्या म्हणाला, "काका, मागे वजन नको. पुढे ठेवू या." पुढच्या बाजूस बिछाने होते आणि तेथे तेलाचे डबे ठेवणे आमच्या सौभाग्यवतींस पसंत नव्हते. मागच्या टोकाला प्रशस्त कपाट रिकामे होते. आम्ही वडीलकीच्या अधिकाराने निर्णय दिला आणि सामान मागे गेले. कचेरीत आमच्या शेऱ्यावर सहसा कोणी पुन्हा शेरा मारीत नाही. ती सवय प्रवासातही आमच्याबरोबर आली होती.

त्यानंतर पेट्रोलपंपावर आमचा जवळजवळ एक तास गेला, तो बाटल्यांपायी. डिझेलमध्ये घालावयाच्या रसायनांच्या बाटल्यांनी तेथे एक अख्खी मांडणी भरलेली होती. कोणी इंजिनची शक्ती वाढविणार, कोणी आयुष्य वाढविणार, कोणी थंडीपासून वाचविणार! पुतण्याने त्यांतील मर्म आम्हांस समजावून सांगितले, ते येथे थोडक्यात सांगतो.

डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. थंडी वाढली की त्याचे स्फटिक बनतात, फिल्टर तुंबतो आणि गाडी जागीच बसते. थंडीचे औषध या मेणाला नाहीसे करीत नाही. स्फटिक लहान ठेवते, म्हणजे ते फिल्टरमधून निसटून जातात. म्हणूनच ते स्फटिक धरण्यापूर्वी, डिझेल पातळ असतानाच मिसळावे लागते. मागाहून ओतल्यास त्याचा फारसा उपयोग नाही. आपल्या लडाखातही हाच त्रास होता आणि लोक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ भागवीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तेथे आणले. आजच्या बीएस-६ गाड्यांत रॉकेलचा तो जुना उपाय करू नये. रॉकेलाचे वंगण कमी आणि त्यातील गंधक धुराच्या शुद्धीकरण यंत्रणेस घातक.

दुसरे औषध वंगणाचे. डिझेलच्या इंजिनातील उच्च दाबाच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच. प्रदूषण टाळण्यासाठी डिझेलमधील गंधक काढले जाते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून त्याची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग इतकी आहे. ते काढण्याच्या प्रक्रियेत नैसर्गिक वंगणाचा अंशही जातो. तो भरून काढणारे रसायन तेल कंपन्या डिझेल पंपावर येण्यापूर्वीच घालतात. तिसरे औषध डिझेल लवकर पेटावे म्हणून असते. हा गुण सीटेन अंकाने मोजतात. अमेरिकेत तो किमान ४० असावा लागतो, आपल्याकडे किमान ५१. तेव्हा तिकडे या बाटलीला जेवढा अर्थ आहे, तेवढा आपल्याकडे नाही.

आणि एक सावधगिरीची सूचना. नव्या डिझेल गाड्यांपैकी अनेकांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. ते द्रावण डिझेलमध्ये घालावयाचे औषध नव्हे. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेल्यास इंजिन सुरू न करता प्रथम टाकी रिकामी करून घ्यावी.

पुतण्याने थंडीची तेवढी एक बाटली घेतली. आम्ही आणखी दोन घ्यावयास लावल्या आणि गाडीची उत्तम तजवीज केल्याच्या समाधानात पुढे बसलो.

डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून रॉकी पर्वत ओलांडतो. बोगद्याची उंची ११,००० फुटांहून अधिक. तेथील हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के विरळ असते. परंतु टर्बो असलेले डिझेल इंजिन हवा दाबून आत घेते, त्यामुळे चढावर ते फारसे दमत नाही. तो चढ ट्रकाने असा लीलया पार केला की, आम्ही त्याचे श्रेय मनातल्या मनात आमच्या बाटल्यांना देऊन टाकले.

बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सलग तीव्र उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांना थांबविण्यासाठी कडेला खडीचे चढ बांधलेले दिसतात, यावरून त्या उताराची कल्पना यावी. डिझेल इंजिन ओढण्यास बळकट. पण पेट्रोलच्या इंजिनासारखी हवा अडविणारी झडप त्यात सहसा नसल्यामुळे उतारावर ते स्वतःहून फारसे आवरत नाही. म्हणून धुराची वाट आवळून वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो. पुतण्याने तो लावला होता, वेगही बेताचा होता. एवढ्यात एक लांब मालट्रक शेजारून वेगाने पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याने आमचा ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे डोलू लागला. प्रत्येक झोक्यागणिक डोलणे वाढत चालले. आमचा ट्रकही मागून कोणी हिसडावा तसा हलू लागला. मागच्या आसनावरून मुलाच्या रडण्याचा आवाज आला. आम्ही ओरडलो, "ब्रेक मार!"

पुतण्याने ट्रकाचा ब्रेक दाबला नाही. तसे करता तर मागचे घर ट्रकावर चालून येऊन दोन्ही आडवी झाली असती. त्याने चाक सरळ धरले, पाय उचलला आणि केवळ ट्रेलरचेच ब्रेक लावणारी हाताजवळची कळ दाबली. मागचे घर पाठीमागून ताणले गेले, तशी दोन्ही वाहने पुन्हा एका रेषेत आली.

सिल्व्हरथॉर्नला गाडी थांबली, तेव्हा कोणीच बोलेना. पुतण्या एवढेच म्हणाला, "काका, चला, सामान पुढे घेऊ."

त्या क्षणी आम्हांस आमच्या आजोबांची बैलगाडी आठवली. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांची मान आवळते. पुढे फार झाले की ती धुरजड होते आणि बैलांच्या खांद्यावर बसते. हे आम्ही दहाव्या वर्षी जाणत होतो! ट्रेलरचाही नियम तोच. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकाच्या जोडणीवर पडावा लागतो. आमचे १२० किलो चाकांच्या आठ फूट मागे होते आणि चाकांपासून जोडणी सोळा फुटांवर. म्हणजे त्याने जोडणीवरचा भार ६० किलोंनी उचलून धरला होता. तेच सामान चाकांच्या आठ फूट पुढे नेताच ६० किलोंची भर पडली. दुसऱ्या दिवशी ट्रकांच्या वजनकाट्यावर तपासले, तेव्हा जोडणीवर सुमारे ३५० किलो भार भरला, म्हणजे ११ टक्के. उतारावर तो २३० होता; जेमतेम ७ टक्के.

पुढचा सारा प्रवास निर्विघ्न झाला. बिछान्याच्या एका कडेला तेलाचा डाग मात्र पडला. पण त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

बंधुभगिनींनो, आपणांपैकी अनेकजण मे महिन्याच्या सुटीत भरल्या गाडीने गावाकडे जातात, डोंगरावर जातात. निघताना टायरांतील हवा पाहावी, ब्रेक पाहावेत, टपावरचे आणि मागचे ओझे पाहावे. बाटलीचा विचार त्यानंतर करावा. गाडी कशाने पळते याची चौकशी आपण हौसेने करतो, ती कशाने आवरते याची करीत नाही. आणि गाडी चालविणारा वयाने लहान असला, तरी चाक त्याच्या हाती आहे, हे आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी विसरू नये. त्या दिवशी सिल्व्हरथॉर्नला चूक आमची होती असे आम्ही पुतण्याला म्हणावयास हवे होते. ते शब्द ओठांवर आले आणि परत गेले. आज आपणां सर्वांसमक्ष ते उच्चारले आहेत. या स्मरणिकेचा अंक त्याच्या पत्त्यावर पाठविण्याची व्यवस्था चिटणीसांनी करावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.