सिंकखालचा पाईप आणि खालच्या घराचं छत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या 'घरातली छोटी दुरुस्ती' या कार्यक्रमातील भाषण)



पाताळगंगा एमआयडीसीत मी बरीच वर्षं पाईप-फिटिंगचं काम केलं. म्हणून कमिटीने सांगितलं, 'काका, दहा मिनिटं नळांवर बोला.' विषय छोटा आहे, पण पंचवीस वर्षांत आपल्याकडे सगळ्यात जास्त कुरबुरी पार्किंगवरून आणि दुसऱ्या नंबरला गळतीवरून झाल्या. पार्किंगचं माझ्या हातात नाही.

आता बऱ्याच जणांनी किचन नवीन केलंय. सिंकवर ओढून बाहेर घेता येणारा शॉवरचा नळ आलाय. त्यामुळे ओट्याखाली दोन प्रकारचे लवचीक पाईप असतात, आणि त्यांतला फरक कळला की अर्धं काम झालं. अँगल कॉकपासून नळापर्यंत जातो तो कनेक्शन पाईप. त्यात चोवीस तास दाबाचं पाणी असतं. शॉवरचा पाईप नळाच्या पुढे असतो, त्यात नळ उघडला तरच पाणी येतं. म्हणून नळ चालू असतानाच ओट्याखाली ओल येत असेल, तर आधी शॉवरचा पाईप बघा. नळ बंद असतानाही थेंब पडत असेल, तर कनेक्शन पाईप किंवा अँगल कॉक बघा. संडासातल्या जेटचा कॉक उघडा ठेवला, तर त्याचा पाईपही चोवीस तास दाबाखाली राहतो. वापर झाला की तो कॉक बंद करायचा.

दाब किती? गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. खालच्या मजल्यांना शॉवरचा फोर्स छान मिळतो, पण त्याच कारणाने त्यांच्या पाईपांवर ताणही जास्त असतो. वरची स्टीलची जाळी चकचकीत दिसते, पण पाणी धरते ती आतली रबरी नळी. जाळीवर गंज दिसला, तार तुटली किंवा पाईप फुगला, की तो फुटायची वाट बघू नका.

आता शॉवरचा पाईप बदलायचा कसा? थंड-गरम दोन्ही अँगल कॉक बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. खाली बादली ठेवा. पाईपला लावलेलं वजन कुठे आहे तिथे खूण करा आणि ते काढा. नळाकडचं टोक सोडवा. ते नटाचं असतं, नाहीतर क्लिपचं. वरचा शॉवर हाताने फिरवून काढा आणि जुना पाईप वरून ओढून घ्या. तो तसाच हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा, कारण दोन टोकांचे आटे वेगळे असतात आणि प्रत्येक कंपनीचे निराळे. नवीन पाईप वरूनच आत सोडा. वॉशर जागेवर आहे ना, बघा. नट हाताने घट्ट करा आणि मग पान्ह्याने फक्त पाव फेरा द्या. जास्त आवळलं तर वॉशर चिरडतो. वॉशर असेल तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही. ती लागते भिंतीतल्या आट्यांना. शेवटी कॉक हळू उघडा, नळ चालू करा आणि खाली कोरडा पेपर पसरा. पंधरा मिनिटांनी पेपर कोरडा असेल तर काम झालं.

एक सावधगिरी. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो. त्याच्याशी मारामारी करू नका, भिंतीतला आटा तुटला की फरशी फोडावी लागते. अशा वेळी घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून प्लंबरला बोलवा. आणि महिन्यातून एकदा सगळे कॉक बंद-उघड करत जा, म्हणजे ही वेळच येणार नाही.

सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चारेक लिटर पाणी जातं. उन्हाळ्यात देहरंग धरणाचा तळ दिसायला लागतो, तेव्हा हे चार लिटर आठवा. मॉडेल उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाईपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, सिंक आणि संडासाची ज्याची त्याने. खर्चाचा प्रश्न त्यात मिटतो. पण वरच्या घराची फरशी हेच खालच्या घराचं छत असतं. खाली कोणाचं तरी देवघर असेल, कोणाच्या तरी आजीचा पलंग असेल. मे महिन्यात सगळे गावाला गेल्यावर पाईप फुटला, तर बंद दाराआडचं पाणी थांबवणार कोण?

म्हणून माझी एकच विनंती. आज घरी गेल्यावर मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. मुलांना, आजी-आजोबांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा. गावाला निघताना गॅस बंद करतो तसा तोही बंद करा. आणि खालच्या घरातून कोणी ओल दाखवायला आलं, तर आधी चहा विचारा आणि मग दोघांनी मिळून ओट्याखाली वाकून बघा. पान्हा नसेल तर माझ्याकडे आहे, बेल वाजवा.